समजून घ्या : कोड वाचणारे यंत्र आणि रंग न ओळखणारे लक्ष्मणराव

कारखान्यात पट्ट्यावरून सुटा भाग पुढे सरकतो. वरचा कॅमेरा त्यावरचा बारकोड किंवा चौकोनी कोड टिपतो आणि भागाची नोंद होते. अशा बहुतेक कोडरीडरचा कॅमेरा कृष्णधवल असतो. त्याला रंग कळत नाहीत. काळे-पांढरे आणि रेषेची कड कळते. काही रंग ओळखता न येणाऱ्या एका माणसानेच आजच्या सांगली जिल्ह्यात यंत्रांच्या कारखान्याचा पाया घातला. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकला का सुटली?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले आणि रंगकाम सोडावे लागले. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. तिथे रंग लागत नव्हता. रेष आणि माप अचूक असले की पुरे. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

पहिला नांगर का खपेना?

नोकरीत बढती डावलली गेल्यावर ते बेळगावला परतले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होतेच. मग कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली.

किर्लोस्करवाडी कशी उभी राहिली?

धंद्याचा जम बसत असतानाच नगरपालिकेच्या विस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्यांनी संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची सुमारे ३२ एकर पडीक जमीन आणि कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहिली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी तिथे पहाऱ्याचे काम दिले. पुढे नांगरांबरोबर पंप आणि इतर यंत्रेही तिथे तयार होऊ लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

कोडरीडर कसा बसवतात?

कोडरीडर बसवतानाही रंगापेक्षा उजेड महत्त्वाचा.

• प्रकाश : लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावरची लाल शाई जवळपास दिसेनाशी होते. म्हणून दिव्याचा रंग कोडच्या शाईप्रमाणे निवडावा.

• कोन : चकचकीत धातूवर कॅमेरा अगदी समोरासमोर धरला तर उजेड उलटून येतो. तो थोडा तिरका बसवावा. धातूवर ठोकलेल्या ठिपक्यांच्या कोडवर बाजूने उजेड टाकावा.

• फोकस : अंतर आधी पक्के करावे, मग रेषांची कड स्पष्ट होईपर्यंत फोकस जुळवावा. पट्टा वेगवान असेल तर चित्र टिपण्याची वेळ कमी ठेवावी, नाहीतर रेषा फरकटतात. वेळ कमी केली की उजेड वाढवावा लागतो.

• मोकळी जागा : कोडच्या कडेची कोरी जागा झाकली गेली, तर कोड सुरू कुठे होतो हेच यंत्राला कळत नाही.

• चाचणी : टेबलावर कोड वाचला म्हणजे काम झाले असे नाही. तेलकट, ओरखडे पडलेले भाग चालू पट्ट्यावरून नेऊन पाहावे. चौकोनी कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, पण त्याला मर्यादा आहे. खिडकीतून दुपारचे ऊन आत येते तेव्हाही एकदा चाचणी घ्यावी.

नांगराची परीक्षा शेवटी शेतातच झाली. कोडरीडरची परीक्षा चालू पट्ट्यावर होते.