बांजच्या मुळाशी पाणी शोधणाऱ्या मीराबेन

सेवाग्राममधील वास्तव्य आणि १९४२ नंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धता यांमुळे गांधीजींच्या शिष्या मीराबेन महाराष्ट्राला परिचित आहेत. हिमालयातील शेती, जंगल व पाणी यांसाठी त्यांनी केलेले कार्य मात्र काहीसे दुर्लक्षितच राहिले.

मूळच्या मॅडेलिन स्लेड यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील ब्रिटिश आरमारात वरिष्ठ अधिकारी होते. रोमाँ रोलाँ यांनी लिहिलेल्या गांधीचरित्राने त्यांच्या आयुष्याला कलाटणी दिली आणि १९२५ मध्ये त्या साबरमती आश्रमात दाखल झाल्या.

१९४४ मध्ये सुटका झाल्यावर मीराबेन उत्तरेकडे वळल्या. हरिद्वार-रुरकी परिसरात त्यांनी किसान आश्रम स्थापन केला. पुढे हृषीकेशजवळ पशुलोक उभे केले. तेथे दर पावसाळ्यात गंगेला येणारे पूर पाहून त्या अस्वस्थ झाल्या. पुराचे मूळ शोधत त्या डोंगरात पोहोचल्या. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी गढवालमधील भिलंगणा खोऱ्यात त्यांनी गोपाळ आश्रम सुरू केला.

तेथील जंगलाचे रूप पालटत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. बांज, म्हणजे हिमालयातील ओक, मागे हटत होता आणि त्याच्या जागी चीड हा पाइनवृक्ष पसरत होता. बांजच्या पानांवर गुरे जगत व पायऱ्यांच्या शेतांना खत मिळे. त्याच्या पाचोळ्याचा थर पाऊस शोषून घेई, त्यामुळे झरे वाहते राहत. चीडच्या सुयांखाली मात्र गवत उगवत नसे आणि पावसाचे पाणी माती घेऊन खाली धावे. वनखात्याला चीडपासून राळ व इमारती लाकूड मिळत होते; गावकऱ्यांच्या वाट्याला चाऱ्याची व पाण्याची टंचाई येत होती. उरलेल्या बांजची चाऱ्यासाठी बेसुमार छाटणी होऊ लागली, तीही या कोंडीतूनच.

मीराबेन यांनी ही बाब लेखांतून व पत्रांतून पंतप्रधान पंडित नेहरूंसह सरकारपुढे मांडली. तथापि, वनधोरण बदलले नाही. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. त्यांचा विचार पुढे सुंदरलाल बहुगुणा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जपला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या चिपको आंदोलनानंतर जंगल आणि पाणी यांचे नाते देशभर चर्चिले गेले.

पद्मविभूषणने सन्मानित झालेल्या मीराबेन यांचे २० जुलै १९८२ रोजी ऑस्ट्रियात निधन झाले. उत्तराखंडात आजही उन्हाळ्यात चीडच्या वाळलेल्या सुया वणव्यांना खाद्य पुरवतात आणि आटलेल्या झऱ्यांमुळे डोंगरातील स्त्रियांची पाण्यासाठीची पायपीट लांबते. मीराबेन यांनी दिलेल्या इशाऱ्याचे मोल अशा वेळी उमगते.