कमला सोहोनी : बी.एस्सी. झाल्यावर पुढे काय?

धरमपुरीच्या आपल्या मराठी घरांतून इंदूरचे नाव रोज निघते. खलघाटला मुंबई-आग्रा रस्ता धरायचा, घाट चढायचा, महू ओलांडले की इंदूर. दवाखाना, लग्नाची खरेदी आणि मुलांचे कॉलेज, सगळे तिकडेच. याच इंदुरात 1911 साली भागवतांच्या घरी जन्मलेल्या एका मुलीने पुढे विज्ञानाच्या शिक्षणात मोठे नाव कमावले. लग्नानंतर तिचे नाव डॉ. कमला सोहोनी झाले. मराठी वाचकांना तिची थोरली बहीण जास्त ठाऊक आहे. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत त्या याच. दोघी इंदूरच्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या लेकी. दुर्गाबाईंवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आज आम्ही धाकटीविषयी सांगतो.

घरात रसायनशास्त्राचे वातावरण होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. हीच संस्था आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते. आपणही तिथेच शिकायचे, हे कमलाबाईंनी लहानपणीच ठरवले असले तर नवल नाही. मुंबईत त्यांनी मुख्य विषय रसायनशास्त्र आणि जोडीला पदार्थविज्ञान घेऊन 1933 साली बी.एस्सी. केले. विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत त्या पहिल्या आल्या. लगेच बंगलोरला अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक तेव्हा सर सी. व्ही. रामन होते. 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि त्यांच्या शब्दाला देशभर मान होता. नकाराचे कारण एकच होते, अर्जदार मुलगी आहे. मुलींना संशोधन झेपणार नाही असे त्यांचे मत होते.

पहिल्या नंबरच्या मुलीला असे उत्तर आले तर आपल्या घरांत काय झाले असते, याचा विचार आम्ही करून पाहिला. पदवी झाली, आता स्थळे बघू, असेच बहुतेक ठिकाणी झाले असते. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि संचालकांना समोरासमोर विचारले. नकार कायम राहिल्यावर त्यांनी गांधीजींचा मार्ग धरला आणि कचेरीपुढे सत्याग्रहाला बसल्या. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. पहिले वर्ष परीक्षेचे, आणि कामाबद्दल संचालकांचे समाधान झाले तरच त्या कामाला मान्यता. शिवाय त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

आम्ही आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे प्रोबेशन म्हणजे काय ते जाणतो. वर्षभर मान खाली घालून काम करायचे आणि वरिष्ठांच्या शेऱ्याची वाट पाहायची. पण आमचे प्रोबेशन फक्त आमचे होते, बिघडले असते तर नुकसान एकट्याचे. कमलाबाईंच्या त्या एका वर्षावर त्यांच्यामागून येऊ पाहणाऱ्या सगळ्या मुलींचा प्रवेश अवलंबून होता. त्या अपयशी ठरल्या असत्या तर संचालकांच्या मतावर शिक्कामोर्तब झाले असते. अपमान त्यांना कळत नव्हता असे नाही. ती सल त्यांनी म्हातारपणीही जाहीरपणे बोलून दाखवली. तरी त्या वेळी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

मार्गदर्शक लाभले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात न राखणारे. पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रयोगशाळा चाले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, कमलाबाईंना रीतसर मान्यता मिळाली आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. 1936 साली त्या एम.एस्सी. झाल्या. रामन यांच्या विज्ञानाचा आपल्याला अभिमान आहे आणि तो राहावाच. पण थोर माणसाचेही एखादे मत चुकीचे असू शकते, आणि ते बदलायला कुणाला तरी वर्षभर राबावे लागते, हेही मुलांना सांगायला हवे.

पुढचा बेत केंब्रिजचा. त्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून कमलाबाई 1937 साली इंग्लंडला पोहोचल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा जीवरसायनशास्त्राचा विभाग होता. जीवनसत्त्वांवरील कामासाठी त्यांनाही नोबेल मिळालेले होते. आधी डॉ. डेरेक रिश्टर यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू झाले. त्यांनी दिवसा कामाला एक टेबल दिले, आणि रात्री त्याच टेबलावर ते स्वतः झोपत. बंगलोरला दारात बसून जागा मिळवावी लागली होती, इथे एका संशोधकाने झोपायचे टेबल मोकळे करून दिले.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम केले. प्रयोगाला घेतला साधा बटाटा. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवतात त्या क्रियेत सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन भाग घेते, आणि ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवले. केंब्रिजला आल्यापासून प्रबंध लिहून होईपर्यंत 14 महिने लागले आणि प्रबंध अवघ्या 40 टंकलिखित पानांचा झाला. पीएच.डी. म्हणजे जाडजूड ग्रंथ असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

1939 साली त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. 1947 साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. सोहोनी विमागणिती होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नवा विभाग उभारून कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसह गरिबांच्या ताटातले अन्न तपासले, कडधान्ये, तांदूळ आणि नीरा.

नीरेची गोष्ट आपल्या धार-झाबुआ भागाला जवळची आहे. इथे ताडी कुणाला नवी नाही. आंबण्याआधीचा तो ताजा रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी तिचा अभ्यास केला. तीत जीवनसत्त्वे आणि लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही त्याच संस्थेचे संचालकपद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. केंब्रिजची पदवी असूनही बंगलोरचा अनुभव पुरता संपला नव्हता.

पुढे कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या कामात त्यांनी अन्नातली भेसळ ओळखण्याची माहिती सामान्य गृहिणींपर्यंत पोहोचवली. 1998 साली दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आज आपल्या धरमपुरीच्या मुली बी.एस्सी. करतात. प्रवेशपत्रावर मुलगी म्हणून नकार लिहून येत नाही. अडते ते घरातच. पुढे काय हा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर निघतो, आणि तोवर अर्जाच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. कमलाबाईंचे नशीब असे की कुठे शिकायचे ते निकालाआधीच मनात पक्के होते आणि घरातले त्यांच्या पाठीशी होते. म्हणून आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे. मुलगी पहिल्या वर्षाला असतानाच तिला विचारा, एम.एस्सी. कुठे करायची, प्रवेश परीक्षा कोणती, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हा भरायचा. फॉर्म भरायला आणि शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे जुळवायला आमच्यासारखी निवृत्त मंडळी आपल्या मंडळात आहेतच. जरूर हाक मारा.