सायकलीच्या दुकानातून नांगराकडे
पलूस : आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांच्या व्यवसायाचा आरंभ सायकलींच्या विक्रीने झाला. मुंबईत यांत्रिक चित्रकला शिकवीत असताना १८८८ मध्ये त्यांनी थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. एका सायकलीची किंमत ७०० रुपयांच्या घरात. ती चालविण्यास शिकण्याचे १५ रुपये निराळे. तरीही गिऱ्हाईक मिळाले.

पुढे बढती डावलली गेल्याने नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास परतले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे नांगर दोन वर्षे पडून राहिले. चैनीची सायकल खपली आणि उपयोगाचा नांगर नाकारला गेला, हे नवलच म्हणावे लागेल. भांडवल अडकले, नांगर मात्र त्यांनी सोडला नाही.

१९१० मध्ये बेळगावातील जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ व १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर नांगरांचा कारखाना उभा राहिला. कालांतराने स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.