पुस्तक वाचणारा मुष्टियोद्धा : जीन टनी

मुष्टियुद्ध आणि साहित्य यांचे नाते काय, असा प्रश्न कुणी विचारला तर कला शाखेतले आपण सारेच हसू. एकात नाक फुटते, दुसऱ्यात फार तर मन! तरीही १९२६ मध्ये मुष्टियुद्धातले जगज्जेतेपद मिळविणारा आणि १९२८ मध्ये येल विद्यापीठात विद्यार्थ्यांपुढे शेक्सपिअरवर बोलणारा माणूस एकच होता. त्याचे नाव जीन टनी. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, या आपल्याकडील म्हणीचा दाखला म्हणून त्याची गोष्ट सहज सांगता येईल. पण त्याच्या आयुष्याकडे जसजसे मी बारकाईने पाहत गेलो, तसतशी ही म्हण मला अपुरी वाटू लागली. युक्ती येते कुठून आणि तिच्यासाठी काय मोजावे लागते, हे ती सांगत नाही.

टनीचा जन्म २५ मे १८९७ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील गोदीत कामगार. घरची गरिबी अशी की शाळा लवकरच सुटली आणि पोरवयातच एका आगबोट कंपनीत कारकुनी करावी लागली. १९१८ मध्ये तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती होऊन फ्रान्सला गेला. तेथे १९१९ मध्ये अमेरिकन सैन्यातील लाइट हेवीवेट गटाचे अजिंक्यपद त्याने पटकावले. सैन्यात असतानाच त्याला शेक्सपिअरची गोडी लागली. सुरुवात झाली ती 'द विंटर्स टेल' या नाटकाने. नाटक कठीण, वाचणाऱ्याचे शिक्षण तोकडे. म्हणून अर्थ लागेपर्यंत त्याने ते पुन्हा पुन्हा वाचले. मला वाटते, टनीच्या साऱ्या आयुष्याची किल्ली येथेच आहे. न कळलेली गोष्ट तो सोडून देत नसे.

मुष्टियुद्धासाठी त्याचे हात मुळात नाजूक होते. ठोसा मारला की दुखावत. ते कणखर व्हावेत म्हणून जंगलात जाऊन त्याने लाकूडतोड्याचे काम केले. पण खरा धडा त्याला मिळाला तो २३ मे १९२२ रोजी. त्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हॅरी ग्रेब नावाच्या झंझावाताने त्याला पंधरा फेऱ्या अक्षरशः झोडपून काढले. पहिल्याच फेरीत नाक मोडले, चेहरा रक्ताने माखला. पण टनी शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिला. पुढे काही दिवस तो अंथरुणातून उठू शकला नाही. कारकिर्दीतला हा त्याचा एकमेव पराभव. दुसरा कुणी असता तर ग्रेबचे नाव टाळत फिरला असता. टनीने अंथरुणात पडल्या पडल्या त्या लढतीची उजळणी केली, ग्रेब कुठे उघडा पडतो ते शोधले आणि बरा होताच पुन्हा लढत मागितली. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याने आपले पद परत मिळविले. ते दोघे एकूण पाच वेळा लढले. पहिल्या लढतीनंतर ग्रेबला टनीवर विजय मिळवता आला नाही.

आता दुसऱ्या नायकाकडे वळू. जॅक डेम्प्सीचा जन्म १८९५ मध्ये कोलोरॅडोतील मनासा या गावी झाला. खाणकामगारांच्या वस्त्यांतल्या दारूच्या गुत्त्यांत पैजेच्या मारामाऱ्या करत तो वर आला. १९१९ मध्ये आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड अशा जेस विलार्डला लोळवून तो जगज्जेता झाला. वाकून, डोके हलवत, वाघासारखा तो अंगावर येई. बचाव म्हणजे काय ते जणू त्याला ठाऊकच नव्हते. टनी नेमका उलट : ताठ उभा राहणारा, अंतर राखणारा, डाव्या हाताच्या सरळ ठोशांनी गुण जमवणारा. आपल्या तालमीतल्या भाषेत सांगायचे तर एक ताकदीचा मल्ल, दुसरा डावपेचाचा.

२ जुलै १९२१ रोजी जर्सी सिटीत डेम्प्सीने फ्रान्सच्या जॉर्ज कार्पेंतिएला हरवले. त्याच दिवशी, त्याच रिंगणात, मुख्य लढतीपूर्वी टनीची एक दुय्यम लढत होती. ती आटोपून तो मुख्य लढत पाहत राहिला. कार्पेंतिएच्या एका उजव्या ठोशाने डेम्प्सी क्षणभर डळमळला, हे त्याने मनात टिपून ठेवले. पाच वर्षांनी तेच टिपण त्याने वापरले.

२३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फियात, भर पावसात, सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षकांसमोर दोघे भेटले. लढतीआधी सरावाच्या तळावर टनी सॅम्युअल बटलरची कादंबरी वाचताना एका वार्ताहराला दिसला आणि वृत्तपत्रांत थट्टेला ऊत आला. पुस्तके वाचणारा हा माणूस डेम्प्सीपुढे काय टिकणार! पण पहिल्याच फेरीत तो राखून ठेवलेला उजवा ठोसा डेम्प्सीच्या गालावर बसला. तीन वर्षे पदासाठी न लढलेला डेम्प्सी दहा फेऱ्या त्याचा पाठलाग करत राहिला आणि मार खात राहिला. परीक्षकांनी एकमताने टनीला विजयी ठरविले.

पुढच्याच वर्षी, २२ सप्टेंबर १९२७ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर दुसरी लढत झाली. तिकिटांचे उत्पन्न २६ लाख डॉलरांवर गेले. सहा फेऱ्या टनीचेच वर्चस्व होते. सातव्या फेरीत मात्र डेम्प्सीने त्याला दोरांशी गाठले आणि दोन्ही हातांनी ठोशांचा वर्षाव केला. टनी आयुष्यात प्रथमच खाली कोसळला. नियम असा होता की प्रतिस्पर्धी पडल्यावर दुसऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जायचे; तोवर आकडे मोजायचे नाहीत. डेम्प्सी पडलेल्या माणसाच्या जवळ उभा राही आणि तो उठू लागताच पुन्हा मारी. ही त्याची जुनी खोड. त्या रात्रीही तो नियम विसरून तेथेच थांबला. पंच डेव्ह बॅरी यांनी त्याला कोपऱ्यात पाठवले आणि मग एकपासून मोजायला सुरुवात केली. नऊच्या आकड्याला टनी उठला. प्रत्यक्षात तो चौदा सेकंदांच्या आसपास खाली होता. हीच ती प्रसिद्ध लांबलेली मोजणी.

या फेरीचे चित्रीकरण आजही पाहायला मिळते. मी ते अनेकदा पाहिले. नियमाप्रमाणे मोजणी योग्यच होती, आणि तो नियम चुकवून डेम्प्सीने स्वतःचेच नुकसान केले. पण आठव्या फेरीत डेम्प्सी क्षणभर खाली गेला, तेव्हा टनी कोपऱ्याकडे वळण्यापूर्वीच पंचांनी मोजायला सुरुवात केली, हेही तितकेच खरे आहे. लवकर मोजले असते तर आपण लवकर उठलो असतो, असे टनी पुढे जन्मभर सांगत राहिला. ते सिद्ध करायला मार्ग नाही. माझी नजर खिळते ती उठल्यानंतरच्या त्याच्या पायांवर. डोके अजून बधिर असणार, पण पाय झरझर मागे सरकत आहेत, आणि डेम्प्सी चिडून हातांनीच त्याला पुढे ये म्हणून खुणावतो आहे. सरावात टनी उलट्या पावलांनी धावत असे. पाहणाऱ्यांना तो विक्षिप्तपणा वाटे. विचार करायला डोके जागेवर नव्हते, त्या घटकेला त्याला वाचवले ते या सरावाने. युक्ती ऐनवेळी सुचत नाही. ती आधी अंगात मुरावी लागते. टनीने ती फेरी निभावली, आठव्यात सावरला आणि दहा फेऱ्यांअंती लढत जिंकली.

आणि तरीही लोक त्याच्यावर प्रसन्न झाले नाहीत. महायुद्धात लढायला न गेल्याबद्दल ज्या डेम्प्सीची लोकांनी निंदा केली होती, तोच हरल्यावर त्यांच्या गळ्यातला ताईत झाला. मरीन दलातून आलेला विजेता मात्र परका राहिला. वाचणाऱ्याला लोक घमेंडखोर समजतात. टनीही काहीसा अलिप्त आणि अभिमानी होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मजुराच्या पोराने जड शब्द वापरावेत, हेच कित्येकांना खुपत होते की काय, अशी शंका मला येते.

जुलै १९२८ मध्ये टॉम हीनीला हरवून टनीने जगज्जेता असतानाच निवृत्ती घेतली. त्याच वर्षी रोममध्ये पॉली लॉडर या सधन घराण्यातील तरुणीशी त्याचा विवाह झाला. बर्नार्ड शॉशी त्याची मैत्री जुळली, ती शॉच्या निधनापर्यंत, म्हणजे १९५० पर्यंत टिकली. उरलेले आयुष्य त्याने व्यवसायात यशस्वीपणे घालविले. डेम्प्सीशीही त्याचा स्नेह जडला. मुलगा जॉन अमेरिकेच्या सिनेटचा सभासद झाला. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी टनीचा मृत्यू झाला. १९८३ मध्ये डेम्प्सीही गेला.

आपल्याकडे पुस्तकी माणूस हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात; आपल्यापैकी पुष्कळांनी तो घरीदारी ऐकला असेल. टनीच्या बाबतीत पुस्तकाच्या पानावर आणि रिंगणात लागणारी चिकाटी एकच होती. शेक्सपिअर कळेना तेव्हा त्याने पान उलटले नाही. ग्रेब आवरेना तेव्हा त्याने रिंगण सोडले नाही. लोकांचे प्रेम त्याला मिळाले नाही. ते मिळावे म्हणून त्याने हातातले पुस्तकही लपवले नाही.