बाबा आमटे आणि आमच्या नद्या

आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नाही, व त्यात नवल ते काय? चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे किनाऱ्यापासून फार दूर. परंतु आमच्या अंगणात पडलेले पावसाचे पाणी मात्र समुद्रास जाऊन मिळते. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पुढे सोमनूर येथे इंद्रावती येते, आणि तो सारा ओघ बंगालच्या उपसागरात जातो. वरचे अरण्य तुटले तर माती वाहून जाते तीही याच वाटेने. या अरण्यांकरिता व नद्यांकरिता ज्यांनी लोकांस जागे केले, त्या बाबा आमटे यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे सधन जमीनदार घराण्यात झाला. लहानपणी त्यांस उणे असे काही नव्हते. पोरवयातच हाती बंदूक आली व शिकारीचा नाद लागला. पुढे रानाचा कैवार घेणारा पुरुष प्रथम शिकारी होता, ही गोष्ट आमच्या मते झाकून ठेवण्याजोगी नाही. कायद्याची परीक्षा देऊन त्यांनी वरोऱ्यास वकिली केली. 1946 साली साधनाताईंशी त्यांचा विवाह झाला.

एके दिवशी भर पावसात कुष्ठरोगाने गांजलेला तुळशीराम रस्त्याकडेला पडलेला त्यांच्या दृष्टीस पडला, आणि बाबा भिऊन घरी निघून गेले. त्या भीतीची त्यांस इतकी लाज वाटली, की ते परतले व त्यांनी त्याची शुश्रूषा केली. 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे राहिले. पहिली निकड पाण्याची. रोगाने बधिर झालेल्या हातांनी तेथे विहीर खणली गेली. पाण्याचे मोल ज्यांस कळत नसेल त्यांनी त्या विहिरीची आठवण करावी.

1967 साली मूल तालुक्यात सोमनाथचा प्रकल्प निघाला. तेथे दर वर्षी मे महिन्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. भर उन्हाळ्यात, गावोगावचे विद्यार्थी, सकाळी हाती कुदळ व मग विचारविनिमय! आधी घाम आणि मग व्याख्यान, हा क्रम आम्हांस फार आवडतो. आमच्या वर्गांतून तो बहुधा उलटा असतो. 1973 साली हेमलकसा येथे माडिया लोकांकरिता लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, व तो पुत्र प्रकाश आणि सून मंदाकिनी यांनी वाढविला.

याच मुलखावर पुढे संकट आले. गोदावरीवर इचमपल्ली व इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणे योजिली गेली. त्यांखाली विस्तीर्ण अरण्य व माडियांची गावे बुडणार होती. धरणे मागणारे कोणी दुष्ट नव्हते. शेतीस पाणी व गावास वीज कोणास नको? परंतु बुडणाऱ्यांस कोणी विचारलेच नव्हते. बाबांच्या मणक्याचे दुखणे एव्हाना असे विकोपास गेले होते, की त्यांस बसणे अशक्य. उभे तरी राहावे नाही तर पडून तरी राहावे. तशाही स्थितीत 1984 साली लाल श्याम शाह यांच्यासह त्यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभारले, व पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांस पत्र लिहिले. ती धरणे झाली नाहीत.

1990 साली ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले. तेथे मात्र यश आले नाही. सरदार सरोवर पूर्ण झाले. पुढे बाबा आनंदवनास परतले व 9 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांनी देह ठेविला. चितेस लाकडे न लावता, त्यांच्याच इच्छेप्रमाणे, तो देह आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला.