स्त्रीमनाची कैफियत मांडणाऱ्या ताराबाई

काटोल : काटोलहून पश्चिमेकडे निघाले, की वर्धा नदीपलीकडे जुना वऱ्हाड प्रांत सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात नदीच्या अलीकडचा काटोल-नागपूरचा मुलूख मध्य प्रांतात होता, तर पलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. याच वऱ्हाडात बुलढाण्यासारख्या लहान गावी राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. शास्त्रे, पुराणे आणि वर्तमानपत्रे स्त्रीच्या अंगी जे दोष असल्याचे सांगत होती, ते तिच्या स्वभावातले आहेत की तिला ज्या स्थितीत जगावे लागते त्या स्थितीतून आलेले आहेत, असा सवाल त्यांनी त्यात केला. स्त्रियांच्या मनाचा आणि मानसिक स्वास्थ्याचा स्त्रीवादी अभ्यास आज ज्या प्रश्नापासून सुरू होतो, तो हाच प्रश्न होय.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाणा येथील एका मराठा कुटुंबात झाला. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते. सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून त्यांनी १८७१ मध्ये एक पुस्तिका लिहिली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाशीही त्यांचा संबंध होता. चार भावांत ताराबाई एकुलत्या एक बहीण. प्रतिष्ठित मराठा घराण्यातील मुलींना शिकविण्याची त्या काळी रीत नव्हती. पण बापूजींनी मुलीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले. तिचे लग्न मात्र काळाच्या रिवाजाप्रमाणे लहानपणीच झाले. पती घरजावई म्हणून शिंदे यांच्या घरी राहिले. त्यामुळे सासुरवासातून ताराबाई सुटल्या आणि माहेरच्या पुस्तकांचा सहवासही टिकला. तरीही मराठमोळ्या घराच्या उंबरठ्याआडच आपले आयुष्य चालले आहे, याची जाणीव त्यांनी निबंधाच्या प्रारंभीच वाचकांना करून दिली आहे.

या निबंधाला निमित्त झाला तो सुरतेचा एक खटला. विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला वैधव्यात मूल झाले. लोकलाजेच्या भीतीने तिने ते नवजात अर्भक मारले, असा आरोप होता. १८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने तिला फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयात अपील झाल्यावर फाशीऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे ती पाच वर्षांवर आली. या खटल्याने वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली. ‘पुणे वैभव’ या पत्राने तर या निमित्ताने एकंदर स्त्रीजातीच्याच नीतीवर कोरडे ओढले. एका अभागी विधवेच्या अपराधावरून सर्व स्त्रिया दुर्वर्तनी ठरविल्या गेल्या. त्या मुलाचा बाप कोण आणि तो कोठे आहे, ही चौकशी मात्र या गदारोळात बाजूलाच राहिली. ताराबाईंनी नेमके तेथेच बोट ठेवले.

त्या काळची परिस्थिती पाहता विजयालक्ष्मीचे प्रकरण एकाकी नव्हते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पण तो बहुतांशी कागदावरच राहिला. बालवयात लग्न, बालवयातच वैधव्य आणि पुनर्विवाहाला बंदी, अशा कोंडीत सापडलेल्या मुलींची पुढे फसवणूक होई. दिवस गेलेल्या विधवेपुढे जीव देणे, काशीची वाट धरणे किंवा मूल मारणे यापलीकडे वाट उरत नसे. म्हणूनच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. कायद्याच्या नजरेला मात्र या स्त्रियांच्या मनाची अवस्था दिसत नव्हती. इंग्लंडने १९२२ मध्ये आणि नंतर १९३८ मध्ये कायदा करून, प्रसूतीनंतर मन ठिकाणावर नसलेल्या मातेच्या हातून अर्भकाचा मृत्यू झाल्यास त्याला खुनापासून वेगळा अपराध मानले. भारतीय दंडसंहितेत तशी स्वतंत्र तरतूद कधीच झाली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेतही ती नाही.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती अवघ्या ५०० काढल्या होत्या. स्त्री आणि पुरुष यांच्यात खरे साहसी, म्हणजे त्या वेळच्या अर्थाने अविचारी व दुष्कृत्याला न कचरणारे, कोण हे स्पष्ट करून दाखविणे, हा त्याचा हेतू पुस्तकाच्या नावातच सांगितलेला आहे. मांडणी एखाद्या वकिलाने उलटतपासणी घ्यावी तशी आहे. संस्कृत सुभाषितांतून स्त्रीवर जे आरोप होत आले, कपट, चंचलता, अविचार, मत्सर, ते ताराबाई एकेक करून हाती घेतात आणि तोच दोष पुरुषांत किती पटीने आहे, हे दाखले देऊन दाखवितात. भाषा घरातली, रोखठोक आणि प्रसंगी बोचरी आहे. पुराणातील देव आणि ऋषीही या तपासणीतून सुटत नाहीत. तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतून रंगविलेल्या स्त्रियांच्या चित्रणावरही त्यांनी कडक शब्दांत टीका केली आहे.

मात्र या पुस्तकाचे मोल केवळ या हजेरीत नाही. स्त्रीच्या वागण्यामागची कारणे शोधण्याचा त्यात केलेला प्रयत्न अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या स्त्रीचे पाऊल वाकडे पडले, तर त्याआधी तिच्या आयुष्यात काय घडले, हे ताराबाई विचारतात. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली मुलगी, सवतीच्या घरात जन्म काढणारी बायको, नवऱ्याचा मार आणि सासरचा जाच सोसणारी सून, अशी उदाहरणे त्या समोर ठेवतात. अशा संसारात मन रमणार कसे आणि माया उपजणार कोठून, हा त्यांचा रोकडा सवाल आहे. गोड बोलून, वचने देऊन स्त्रीला फशी पाडणारा पुरुष नंतर उजळ माथ्याने समाजात वावरतो. त्याच्या विश्वासघाताची लाज मात्र ती एकटी वाहते आणि त्या लाजेपायी जीव द्यायलाही तयार होते. भीती, शरम आणि एकटेपणा यांच्या ओझ्याखाली माणसाची बुद्धी कशी गोठते, याचे हे वर्णन आहे.

विधवेच्या स्थितीबद्दल लिहिताना ताराबाईंच्या लेखणीला विशेष धार येते. नवरा मरणे हा बाईचा अपराध कसा, हे त्यांना कळत नाही. तिचे अलंकार उतरवायचे, केस काढायचे, शुभकार्यात तिचे तोंड पाहायचे नाही. बायको गेलेला पुरुष मात्र लगोलग दुसऱ्या लग्नाच्या तयारीला लागतो. त्याने तोंड काळे करून, दाढीमिशा काढून आयुष्यभर रानात का राहू नये, असे त्या उपरोधाने विचारतात. सावित्रीने पतीचे प्राण यमाकडून परत आणले, पण बायकोच्या प्राणासाठी यमाच्या दारी गेलेला एखादा पती कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा प्रश्नही प्रसिद्ध आहे. पतिव्रताधर्म पाळायचा तर त्याला साजेसा धर्म पतीनेही पाळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विधवाविवाहाची मागणी त्या ब्राह्मण स्त्रियांपुरती न ठेवता, उच्च मानल्या जाणाऱ्या सर्व जातींतील स्त्रियांसाठी करतात, हेही नोंदविण्यासारखे आहे.

ताराबाईंच्या विचारांना काळाच्या मर्यादा होत्या. विवाहसंस्था मोडावी असे त्यांनी म्हटले नाही. गृहिणीधर्मावर त्यांची श्रद्धा होती आणि इंग्रजी राज्याने स्त्रियांना शिक्षण दिले म्हणून त्या त्याचे गुणही गातात. तथापि पंडिता रमाबाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज स्थापन करीत होत्या ते वर्ष १८८२, आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या ते १८८३ आणि रखमाबाईंचा खटला उभा राहिला तो १८८४ मध्ये. या काळात मुंबई-पुण्याच्या सुधारक मंडळांपासून दूर, वऱ्हाडातल्या एका गावी बसून ताराबाईंनी हा विचार एकटीने मांडला.

त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. पुस्तकावर टीकेची झोड उठली. त्यांच्या शैलीची आणि धाडसाची टर उडविली गेली. सत्यशोधक मंडळींतूनही काहींनी नाके मुरडली. जोतीराव फुले मात्र ठामपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये काढलेल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा लेकीच्या मायेने उल्लेख केला आणि त्यांची कुचेष्टा करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्याला खडसावले. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. वयाच्या तिशीत एवढी जळजळीत लेखणी चालविणारी ही स्त्री पुढची सुमारे अठ्ठावीस वर्षे छापील जगात मूकच राहिली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि बुलढाणा व काटोल एका कारभाराखाली आले. त्यानंतर काही वर्षांनी, १९१० च्या सुमारास, ताराबाईंचे निधन झाले. तोवर त्यांचे पुस्तक विस्मरणात गेले होते.

हे पुस्तक पुन्हा वाचकांपुढे आणण्याचे श्रेय संशोधक स. गं. मालशे यांना जाते. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, त्यांनी ते संपादित करून प्रसिद्ध केले. रोझलिंड ओहॅनलन यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे १९९४ नंतर ते जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

योगायोग असा, की पुस्तक पुन्हा उजेडात आले त्याच सुमारास पाश्चात्त्य मानसशास्त्रातही ताराबाईंचाच प्रश्न विचारला जात होता. विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली ती १८७९ मध्ये, म्हणजे ताराबाईंच्या निबंधाआधी जेमतेम तीन वर्षे. नागपूरला मनोरुग्णालय १८६४ मध्येच सुरू झाले होते. पण स्त्रीच्या रोजच्या दुःखाचा मनाच्या आजाराशी संबंध जोडण्याची दृष्टी तेव्हा कोठेच नव्हती. १९२० च्या दशकात कॅरेन हॉर्नी यांनी फ्रॉइड यांच्या स्त्रीविषयक सिद्धांतांना आव्हान दिले. स्त्रीला हेवा वाटतो तो पुरुषाच्या शरीराचा नसून त्याला मिळालेल्या अधिकारांचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. जीन बेकर मिलर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की ज्यांना स्त्रीस्वभाव म्हणून ओळखले जाते ते पुष्कळसे गुणदोष दुय्यम स्थानावर ठेवलेल्या कोणत्याही समूहात निर्माण होतात. भारतात भार्गवी दावर यांनी स्त्रियांच्या मानसिक आरोग्याचा विचार कुटुंब, हिंसा आणि हक्क यांच्या संदर्भात करण्याचा आग्रह धरला आणि पुण्यात त्यासाठी संस्थात्मक काम उभे केले.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१६ मध्ये जगात आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात २३ हजारांहून अधिक गृहिणींनी आपले जीवन संपविले. सरकारी तक्त्यात त्यापुढे कौटुंबिक कलह किंवा आजारपण असे कारण लिहिलेले असते. कलह कशाचा आणि आजार कशामुळे, या प्रश्नाला तक्त्यात रकाना नसतो.

विदर्भाला हे अधिक जवळून ठाऊक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कापूस पट्ट्यात शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू झाले. राज्य सरकारने २००६ मध्ये अशा कुटुंबांसाठी एक लाख रुपयांची मदत ठरविली. पण शेती नावावर आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे आहे काय, यावर प्रकरण पात्र की अपात्र हे ठरू लागले. मागे उरलेल्या बाईच्या नावावर बहुधा सातबारा नसतो, सावकाराचे देणे मात्र तिच्याच दारात येते. शिवाय कपाळ पुसणे, बांगड्या फोडणे हे सोपस्कार आहेतच. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षे झाली होती.

कपाशी आणि संत्र्याच्या या पट्ट्यात खचलेल्या बाईला समुपदेशन मिळाले पाहिजे, औषधोपचार मिळाले पाहिजेत, यात शंका नाही. पण तिला धीर धर असे सांगण्याआधी तिचा धीर कोणी खचविला, हेही विचारले गेले पाहिजे. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आणि घरातही हा प्रश्न आधी विचारण्याची सवय लागली, तर ताराबाईंच्या वाट्याला आलेले मौन आणखी कोणा बाईच्या वाट्याला येणार नाही.