जॉन मोझेस ब्राउनिंग

जॉन मोझेस ब्राउनिंग (जन्म : ओग्डेन, युटा, २३ जानेवारी १८५५, मृत्यू : लिएज, बेल्जियम, २६ नोव्हेंबर १९२६) हे अमेरिकन शस्त्ररचनाकार होते. रायफल, छर्‍याची बंदूक, मशीनगन आणि स्वयंभरण पिस्तूल या चारही प्रकारांत त्यांनी मूलभूत रचना केल्या. त्यांच्या नावावर १२८ एकस्वे (पेटंट) आहेत. नळीभोवती पुढे-मागे सरकणारी स्लाइड आणि कुलूपबंद होऊन किंचित तिरकी होणारी नळी ही पिस्तुलाची रचना त्यांनी रूढ केली. आजची बहुतांश लष्करी पिस्तुले याच तत्त्वावर चालतात. पिस्तुलाची मूठ हातात कशी बसते, चापापर्यंत बोट कसे पोहोचते आणि गोळी सुटल्यावर बसणारा धक्का हाताला कसा जाणवतो, या प्रश्नांची चर्चा आजही त्यांच्या पिस्तुलांच्या संदर्भाने होते.

प्रारंभिक जीवन

जॉन यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग हे बंदुका घडवणारे कारागीर होते. मॉर्मन पंथ स्वीकारल्यानंतर ते इलिनॉयमधील नॉवू येथे राहू लागले. पंथाच्या अनुयायांनी पश्चिमेकडे स्थलांतर केले तेव्हा तेही त्या मार्गाने निघाले आणि १८५२ मध्ये युटा प्रदेशात पोहोचले. ओग्डेन येथे त्यांनी दुरुस्तीचे दुकान थाटले. जोनाथन यांनी स्वतःही आडव्या सरकणार्‍या पट्टीत गोळ्या भरण्याची एक रायफल तयार केली होती.

जॉन यांचे बालपण याच दुकानात गेले. शालेय शिक्षण बेताचेच झाले, परंतु भाता, कानस, लेथ आणि मोडक्या बंदुकांचे ढीग यांच्या सहवासात त्यांनी धातुकाम आत्मसात केले. अडगळीतील सुट्या भागांपासून त्यांनी लहान वयातच एक चालती बंदूक तयार केली होती. पुढील आयुष्यातही त्यांनी तपशीलवार आराखड्यांवर फारसा भर दिला नाही. यंत्रणा मनात जुळवून, पत्र्याचे साचे कापून आणि मग थेट धातूवर काम करून ते नमुना बनवीत. या कामात त्यांना बंधू मॅथ्यू आणि सावत्र भावांची मोलाची साथ लाभली.

१८७९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. एप्रिलमध्ये रेचल टेरेसा चाइल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, जूनमध्ये वडिलांचे निधन झाले आणि ७ ऑक्टोबर रोजी एकगोळी रायफलीसाठी त्यांना पहिले एकस्व मिळाले. त्यानंतर भावांनी ओग्डेनमध्येच या रायफलीचे उत्पादन सुरू केले.

विंचेस्टर कंपनीशी संबंध

ही रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस आली. १८८३ मध्ये कंपनीचे उपाध्यक्ष टी. जी. बेनेट यांनी ओग्डेनला येऊन तिचे हक्क विकत घेतले. पुढे ती मॉडेल १८८५ या नावाने बाजारात आली. त्यानंतर सुमारे दोन दशके ब्राउनिंग रचना करीत आणि विंचेस्टर त्या एकरकमी मोबदला देऊन विकत घेई. १८८६, १८९२ आणि १८९४ या वर्षांच्या नावांनी ओळखल्या जाणार्‍या रायफली तसेच १८९७ ची पंप-पद्धतीची छर्‍याची बंदूक याच काळातील होत. कंपनीने विकत घेतलेल्या सर्वच रचना उत्पादनात आल्या नाहीत.

मधल्या काळात, १८८७ ते १८८९ या दोन वर्षांत, ब्राउनिंग यांनी जॉर्जिया राज्यात धर्मप्रचाराचे काम केले. परतल्यावर त्यांचे लक्ष स्वयंचलित यंत्रणेकडे वळले. गोळीसोबत नळीतून बाहेर पडणार्‍या वायूच्या झोताने समोरचे गवत वाकते, हे त्यांनी पाहिले आणि वाया जाणारी ही शक्ती बंदूक पुन्हा भरण्यासाठी वापरता येईल असा विचार केला. त्यातून वायूवर चालणारी मशीनगन तयार झाली. तिचे उत्पादन कोल्ट कंपनीने मॉडेल १८९५ या नावाने केले.

स्वयंभरण छर्‍याच्या बंदुकीवरून विंचेस्टरशी त्यांचे संबंध तुटले. या रचनेसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी मोबदल्याऐवजी विक्रीवर स्वामित्वशुल्क मागितले आणि कंपनीने ते नाकारले. जानेवारी १९०२ मध्ये ते रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटण्यास गेले असता, भेट होण्यापूर्वीच अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. अखेरीस ब्राउनिंग यांनी ही रचना बेल्जियममधील फाब्रिक नासिओनाल (एफएन) या कंपनीस दिली. ‘ऑटो-५’ या नावाने ती अनेक दशके उत्पादनात राहिली.

पिस्तुलांची रचना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिव्हॉल्व्हर हेच प्रमुख हातशस्त्र होते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असल्यामुळे मूठ रिकामी राहते आणि तिला हाताच्या सोयीनुसार हवा तो बाक देता येतो. स्वयंभरण पिस्तुलात मात्र यंत्रणा, स्प्रिंग आणि गोळ्यांचे मॅगझिन कोठे बसवायचे हा प्रश्न होता. १८९३ च्या बोरशार्ट पिस्तुलात मॅगझिन मुठीत होते, परंतु मूठ जवळजवळ काटकोनात आणि शस्त्राच्या मध्यभागी असल्याने व मागील बाजूस अवजड भाग असल्याने ते एका हाताने पेलणे अवघड जाई. १८९६ च्या माउझर पिस्तुलात मॅगझिन चापाच्या पुढे होते. त्यामुळे मूठ बारीक व गोल राहिली, पण वजन पुढे गेले. बोरशार्टची रचना सुधारताना गेओर्ग लुगर यांनी मुठीस ठळक तिरकस कल दिला आणि तो नेम धरण्यास नैसर्गिक वाटतो म्हणून प्रसिद्ध झाला.

ब्राउनिंग यांनी या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. २० एप्रिल १८९७ रोजी त्यांना पिस्तुलांसाठी अनेक एकस्वे मिळाली. नळीवरून सरकणारी स्लाइड आणि गोळीमागील बंदिस्त करणारा भाग त्यांनी एकाच तुकड्यात आणले व मॅगझिन मुठीत ठेवले. त्यामुळे शस्त्र आखूड व सपाट झाले आणि मुठीमागे अवजड यंत्रणा उरली नाही.

त्याच वर्षी एफएनशी त्यांचा करार झाला. या कंपनीच्या मॉडेल १९०० पिस्तुलात परतीची स्प्रिंग नळीच्या वर ठेवलेली होती, म्हणून नळी हाताच्या अधिक जवळ आली. नळी हातापेक्षा जितकी उंच असते तितका धक्क्याने शस्त्राचे तोंड वर उसळण्याचा कल वाढतो. नळी खाली असल्यास धक्का मनगटाकडे सरळ येतो आणि पुन्हा नेम धरणे सोपे जाते. या पिस्तुलासाठी तयार केलेले ७.६५ मिमी काडतूसही सौम्य होते. पिस्तुलाचा खप इतका झाला की फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हा शब्द पिस्तूल या अर्थाने रूढ झाला.

यानंतर खिशात बाळगण्याजोगी पिस्तुले आली. कोल्टच्या मॉडेल १९०३ मध्ये घोडा (हॅमर) स्लाइडच्या आत झाकलेला असल्याने शस्त्र कपड्यात अडकत नसे. १९०५ मध्ये एफएनने ६.३५ मिमीचे अतिशय लहान पिस्तूल बाजारात आणले. त्याची लांबी सुमारे ११ सेंमी होती. बाळगण्यास ते सोयीचे होते, मात्र आखूड मुठीवर सर्व बोटे मावत नसत. बाळगण्याची सोय आणि चालवण्याची सोय यांतील हा विरोध पिस्तुलांच्या रचनेत कायम राहिला आहे. मॉडेल १९१० मध्ये स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळून ब्राउनिंग यांनी शस्त्र आणखी सडपातळ केले. २८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या याच प्रकारच्या पिस्तुलाने केली. या घटनेनंतर पहिले महायुद्ध भडकले.

एम१९११

फिलिपाइन्समधील लढायांत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर अपुरे पडत असल्याच्या तक्रारी अमेरिकी लष्कराकडे आल्या होत्या. १९०४ मधील चाचण्यांनंतर थॉम्पसन व लागार्ड या अधिकार्‍यांनी ०.४५ इंचापेक्षा लहान व्यासाची गोळी स्वीकारू नये अशी शिफारस केली. ब्राउनिंग यांनी त्यानुसार काडतूस आणि पिस्तूल तयार केले. १९०५ च्या मूळ नमुन्याची मूठ जवळजवळ सरळ होती. पुढील चाचण्यांत घोडदळाच्या अपेक्षा विचारात घेऊन त्यात बदल होत गेले. मुठीच्या मागील बाजूस, हाताने दाबल्याशिवाय गोळी सुटू न देणारी सुरक्षा कळ बसवण्यात आली. १९१० च्या नमुन्यात मुठीचा कोन सुमारे ८४ अंशांवरून ७४ अंशांवर आणण्यात आला. पुढे अंगठ्याने चालवण्याची दुसरी सुरक्षा कळही जोडली गेली.

मार्च १९११ मधील अखेरच्या चाचणीत ब्राउनिंग यांच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात एकदाही बिघाड झाला नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुलात ३७ वेळा अडथळा आला. २९ मार्च १९११ रोजी ब्राउनिंग यांचे पिस्तूल अधिकृतपणे स्वीकारण्यात आले.

गोळ्या एकाच रांगेत असल्याने एम१९११ ची मूठ जाडीला कमी आहे. चाप खिळीवर फिरत नाही, तो सरळ मागे सरकतो. त्यामुळे तो ओढताना बोटाला एकसारखा प्रतिसाद मिळतो. सुमारे १.१ किलो वजनामुळे ०.४५ काडतुसाचा धक्का बराच शोषला जातो. परंतु हे काडतूस लांब असल्याने मूठ पुढून मागे रुंद ठेवावी लागली. पहिल्या महायुद्धात याचे परिणाम दिसून आले. लहान हाताच्या सैनिकांचे बोट चापापर्यंत नीट पोहोचत नसे आणि नेम खाली जाण्याच्या तक्रारी येत. काहींच्या अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्याची त्वचा मागे येणार्‍या घोड्याखाली चिमटली जाई.

या अनुभवावरून लष्कराने १९२० च्या दशकात सुधारणा केल्या. चाप आखूड करण्यात आला आणि त्यामागे सांगाड्याला बोटासाठी खोलगट उतार देण्यात आला. मुठीच्या मागील तळभागास फुगवटा दिल्याने तळहाताला आधार मिळून शस्त्राचे तोंड किंचित वर राहू लागले. सुरक्षा कळीचे शेपूट लांबवल्याने हात घोड्यापासून सुरक्षित राहिला. हा सुधारित नमुना १९२६ मध्ये एम१९११ए१ म्हणून ओळखला जाऊ लागला. सर्व हातांना एकच आकार सोयीचा नसल्याचे पुढील इतिहासातही दिसते. फुगवटा नसलेला मूळ सपाट भाग आणि लांब चाप पसंत करणारे नेमबाज नंतरही राहिले आणि दोन्ही प्रकार बाजारात टिकून आहेत.

महायुद्धकालीन कार्य

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा ब्राउनिंग यांच्या दोन शस्त्रांची निवड झाली : पाण्याने थंड होणारी एम१९१७ मशीनगन आणि एका सैनिकास वाहून नेता येणारी एम१९१८ स्वयंचलित रायफल. मे १९१७ मधील चाचणीत मशीनगनने २०,००० गोळ्या विनाबिघाड झाडल्या. त्यानंतर दुसर्‍या नमुन्याने सलग ४८ मिनिटांहून अधिक काळ मारा केला. या हक्कांपोटी ब्राउनिंग यांनी सरकारकडून संभाव्य स्वामित्वशुल्कापेक्षा बरीच कमी अशी ७,५०,००० डॉलरची रक्कम स्वीकारली. त्यांचे पुत्र व्हॅल यांनी फ्रान्समध्ये युद्धसेवा केली. युद्धाच्या अखेरीस सुरू झालेल्या ०.५० इंची मशीनगनच्या कामातून पुढे एम२ हे शस्त्र विकसित झाले. ते अद्याप वापरात आहे.

अखेरचे पिस्तूल आणि मृत्यू

फ्रेंच लष्कराला अधिक गोळ्यांचे पिस्तूल हवे होते. एफएनमधील रचनाकार ड्यूदोने सेव्ह यांनी गोळ्या दोन आलटून-पालटून रांगांत बसवणारे मॅगझिन तयार केले आणि ब्राउनिंग यांनी त्यासाठी नवा नमुना रचला. त्याच्या एकस्वासाठी त्यांनी १९२३ मध्ये अर्ज केला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळील एफएनच्या कारखान्यात काम करीत असताना हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव अमेरिकेस नेऊन ओग्डेन येथे दफन करण्यात आले. एकस्व त्यांच्या मृत्यूनंतर, फेब्रुवारी १९२७ मध्ये मंजूर झाले.

अपुरे काम सेव्ह यांनी पूर्ण केले. १९३५ मध्ये बेल्जियमने स्वीकारलेले हे पिस्तूल ‘हाय-पॉवर’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात १३ गोळ्या मावत, तरी मूठ हातात भरगच्च वाटत नाही अशी त्याची ख्याती आहे. ९ मिमी पॅराबेलम काडतूस ०.४५ पेक्षा आखूड असल्याने दोन रांगांमुळे वाढलेली जाडी पुढून-मागे कमी झालेल्या रुंदीने भरून निघाली. मात्र त्यातही उणिवा राहिल्या. मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू न देणार्‍या जोडणीमुळे चाप जड व खरखरीत वाटतो, मूळची सुरक्षा कळ अंगठ्याला फार लहान पडते आणि मोठ्या हाताच्या बेचक्याला घोड्याचा चिमटा बसू शकतो.

वारसा

१९१४ मध्ये बेल्जियमने ब्राउनिंग यांना ऑर्डर ऑफ लिओपोल्ड हा सन्मान दिला. एम१९११ हे अमेरिकी लष्कराचे प्रमाण पिस्तूल म्हणून १९८५ पर्यंत राहिले. २०११ मध्ये युटा राज्याने त्याला राज्याचे अधिकृत शस्त्र घोषित केले. ओग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकात त्यांच्या रचनांचे संग्रहालय आहे.

दुसर्‍या महायुद्धात हाय-पॉवरचे उत्पादन कॅनडातही झाले. भारतात पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात याच रचनेवर आधारित ९ मिमी १ए पिस्तूल तयार झाले आणि ते भारतीय सैन्यात दीर्घकाळ वापरात राहिले. ब्राउनिंग यांची शस्त्रे दोन्ही महायुद्धांत आणि नंतरच्या अनेक संघर्षांत वापरली गेली. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन तांत्रिक कौशल्याबरोबरच त्या शस्त्रांनी घडवलेल्या मनुष्यहानीच्या संदर्भातही केले जाते. पिस्तुलांच्या मुठीचे पाठभाग हाताच्या आकारानुसार बदलण्याची सोय आज अनेक उत्पादक देतात. ज्या अडचणीवर एम१९११ए१ मध्ये एकच आकार बदलून उपाय शोधला गेला, तिचे हे पुढचे उत्तर मानता येते.